उष्टावणाचा चमचा

अंकुशचं उष्टावण झालं, त्याच वर्षी त्याच्या वडिलांनी, नत्थूजींनी, सेलूला किराण्याचं दुकान मांडलं. म्हणून ते वर्ष घरात सगळ्यांच्या लक्षात आहे. मित्रांनो, मी तेव्हाचाच एक जुना, अरुंद चमचा आहे. खिरीचा पहिला घास माझ्यावरून अंकुशच्या तोंडात गेला. दात नव्हते. गुलाबी, मऊ तोंड होतं ते.

तो मोठा झाला आणि मी मिठाच्या बरणीत जाऊन पडलो. मिठाने माझी चकाकी खाल्ली. पुढे कित्येक वर्षं माझं कोणी नाव काढलं नाही.

मग एक दिवस अंकुशनेच मला बरणीतून काढलं, धुतलं आणि तो माझ्याने वरणभात खाऊ लागला. मोठा चमचा त्याने बाजूला सारला. त्याची आई देवकाबाई हरखली. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागली, "लगन झालं तरी माह्या पोराले उष्टावणाचाच चमचा लागते!"

मीही फुगलो. त्या फुगण्याची आज लाज वाटते.

कारण आतलं सगळं मला वरणभाताच्या पहिल्याच घासाला दिसलं होतं. दातांवर काळपट थर, गालाची आतली कातडी पांढरी आणि ताठ. तंबाखू-सुपारीचा खर्रा शाळेपासून त्याच्या गालात होता. तोंडच उघडत नव्हतं. मोठा चमचा आत जात नव्हता, म्हणून मी.

त्याची बायको मंजुषा तेवढी ओळखून होती. गिरडच्या यात्रेत त्याने गुपचूप, म्हणजे पाणीपुरी, अख्खी तोंडात न घालता फोडून तुकड्या-तुकड्याने खाल्ली, ते तिने पाहिलं होतं. एकदा जेवताना ती म्हणाली, "एकावर एक तीन बोटं जाते का तुमच्या तोंडात? घाला बरं."

"तू काऊन दाताची डाक्टरीन होऊन राह्यली?" तो हसला. हसतानाही ओठ फार फाकले नाहीत.

"तिखट सोसत नाई तुमाले. जिभेखालचा घाव महिन्याचा झाला. चला दवाखान्यात."

"उष्णता आहे थे," देवकाबाई मध्येच बोलली. "जेवू दे वं त्याले सुखानं. जेवते तर आहे ना!"

जेवत होता, तो माझ्यामुळे. मोठा चमचा दातांना अडला असता, तर आईला दोन घासांत कळलं असतं. मी सरकन आत जायचो आणि त्याचं दुखणं झाकायचो.

दवाखान्यात गेले तेव्हा घावाची गाठ झाली होती, कर्करोगाची. डॉक्टर म्हणाले, दोन आठवड्यांत न भरणारा घाव, पांढरा चट्टा, कमी उघडणारं तोंड, यातलं एकही दिसलं की लगेच यायचं असतं. देवकाबाईने पदर तोंडाशी धरला. सुनेकडे तिला पाहवलं नाही.

पुढे नातीच्या, अंकुशच्या लेकीच्या, उष्टावणाला तिने मला बाहेर काढलं नाही. बरं केलं.

मित्रांनो, दात सकाळी घासा, रात्री झोपण्याआधीही घासा. खर्रा नको, नुसती सुपारीही नको. अधूनमधून उजेडात आरसा धरून जीभ, गाल, हिरड्या पाहा. आणि घरात कोणी एकाएकी लहान चमचा मागितला, तर त्याचं कौतुक करू नका. आधी म्हणा, तोंड उघड.

अंकुश गेल्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सकाळी वारला. तो एकोणतीस वर्षांचा होता.