पिशवीची उंची

त्या वर्षी मी नाशिकच्या एका दवाखान्यात लहान मुलांच्या वॉर्डची सिस्टर होते. सायखेड्याच्या शुभांगीची नऊ महिन्यांची मुलगी माझ्याकडे होती. डोक्यातलं जास्तीचं पाणी पोटात उतरवायला बसवलेल्या नळीत जंतू झाले, म्हणून डॉक्टरांनी ती काढून टाकली होती. जंतू मरेपर्यंत ते पाणी दुसऱ्या नळीतून पलंगाशेजारी टांगलेल्या पिशवीत थेंब थेंब पडायचं. "नळीला हात लावायचा नाही," असं मी शुभांगीला दिवसातून दहा वेळा सुनावायचे. हाताबरोबर पुन्हा जंतू गेले तर सगळंच मुसळ केरात.

एका सकाळी दूध पाजायला सोपं जावं म्हणून मी पलंगाची उशाकडची बाजू वर केली आणि इंजेक्शन भरायला गेले. परतले, तर शुभांगीने नळीचा चाप बंद केलेला. माझं डोकंच फिरलं.

"कितीदा सांगायचं तुला? पोरीच्या जिवावर उठलीयेस का?"

ती घाबरली, पण हटली नाही. "सिस्टर, आमच्या द्राक्षाला ठिबक हाय. टाकी उंच केली का पाणी जोरात येतं. तुम्ही पोरीचं डोकं वर घेतलं, पिशवी खालीच राहिली. लय थेंब पडाया लागले."

मी मुलीच्या टाळूवर बोट ठेवलं. टाळू खोल गेली होती, म्हणजे पाणी गरजेपेक्षा जास्त उतरलं होतं. मी पलंग खाली केला आणि डॉक्टरांना बोलावलं.

दुसऱ्या दिवशी पलंगाला हात लावण्याआधी मी शुभांगीला हाक मारली.

"साबणाने हात धू, आणि चाप तू लाव."