शेंड्याचे डोळे

धाकट्या नववर्षाच्या, म्हणजे वर्षाच्या पंधराव्या दिवसाच्या सकाळी तोकुजीनं कुऱ्हाड खांद्यावर टाकली आणि परसात जाऊन बायकोच्या नावानं आरोळी ठोकली. गुडघाभर बर्फ पडलेलं. नुईनं माहेराहून पर्सिमनची तीन कलमं आणून लावली होती. सहा वर्षांत एकानंही फळ धरलं नाही. दोन त्यानं बुडातून तोडली, आज तिसऱ्याची पाळी. झाडाबरोबर बायकोलाही माहेरी धाडतो, असं त्यानं साऱ्या आळीला सांगून ठेवलं होतं. तोडायचंच म्हणून यंदा त्याची छाटणीही केली नव्हती.

तोडण्याआधी या दिवसाची रीत पाळायची होती. रीत अशी, की घरधन्यानं झाडाला धमकावायचं आणि दुसऱ्यानं मागं उभं राहून झाडाच्या वतीनं कबूल व्हायचं. मग घावात लाल चवळीची पेज भरायची. सासू ओतोरा पेजेचा वाडगा घेऊन उभीच होती.

"फळ धरतंस का न्हाय? बोल! न्हायतर मुंडी छाटतो!" खचकन घाव बसला. साल उडाली.

दरसाल नुई मागून "धरतो, धरतो" म्हणायची. आज तिला राहवलं नाही.

"कुठनं धरू? फळ शेंड्याच्या डोळ्यात असतंय. दर थंडीला तूच भादरतोस की शेंडे!"

"मला शिकवतीस, रांडं?"

कुऱ्हाडीचा दांडा तिच्या तोंडावर बसला. दात तुटून बर्फात पडला, पांढऱ्यावर रक्त सांडलं. तोकुजी पुन्हा झाडावर धावला. पातं खोडात रुतलं. बुंध्याला पाय देऊन त्यानं हिसका मारला, तशी कुऱ्हाड सुटून बाजूला उडाली आणि तो उताणा आपटला.

नुईनं कुऱ्हाड उचलली. पातं त्याच्या गळ्याला टेकवलं.

"आता तू बोल. शेंडे छाटशील?"

"आये, धर तिला! मारती बघ!"

ओतोरा जागची हलली नाही. तिचे पुढचे चार दात तिच्या नवऱ्यानं पाडले होते, वयानं नव्हे.

"बोल बाबा लवकर," ती म्हणाली, "पेज गार व्हाया लागलीया."

"न्हाय छाटत! न्हाय छाटत!"

त्या शरदात झाडाला सात फळं लागली. घरातलं सरपण आता नुईच फोडते. कुऱ्हाड कुठं ठेवते, ते विचारायची तोकुजीची छाती होत नाही.