बैठा सदस्य

तुम्ही माझ्या नवऱ्याला बसून खाणारा ठरवलंत. तोंडावर नाही, तेवढी हिंमत तुमच्यात नाही. मोबाइलवर मेसेज पाठवलात: "आपला वर्ग – बैठा सदस्य." खाली दोन हिरवी पानं काढलेली.

माझा नवरा बेकरीत पीठ मळतो. उभ्याने. आमच्या लग्नाआधीपासून. त्याचे दंड बघून माझ्या आईने होकार दिला, शिक्षण कुणी विचारलंच नाही. घरी आला की पाय गरम पाण्याच्या बादलीत सोडतो आणि तसाच भिंतीला टेकून झोपतो. पाणी गार होतं, मी बादली उचलते, त्याला कळतही नाही. हा तुमचा बैठा.

योजना तुमच्या विमा कंपनीची. मनगटाला पट्टा बांधा, तो हालचाल मोजेल. जो हलेल त्याच्या घरच्यांचा विमा फुकट. जो बसेल त्याने दवाखान्याचा अर्धा खर्च आपल्या खिशातून भरायचा, तोही आधी. मला योजना आवडली होती, खोटं कशाला बोलू. आमच्या मुलीचा कणा वाकत चाललाय. डॉक्टरांनी दोन ऑपरेशनं सांगितली होती, एकामागून एक. म्हटलं, आपल्याइतकं कोण हलतं? मीच त्याच्या हाताला पट्टा बांधला.

पण पीठ मळणारा माणूस मनगटावर काही ठेवत नाही. घड्याळ नाही, अंगठी नाही, दोराही नाही. कोपरापर्यंत हात उघडा आणि घासून धुतलेला. पीठ मळायच्या खोलीच्या दारात खिळे ठोकलेत, तिथे सगळं अडकवायचं आणि मग आत जायचं. हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही आणि तुम्ही विचारलं नाही. दिवसभर तो मळत राहिला आणि तुमचा पट्टा खिळ्यावर आराम करत राहिला.

मग तुमच्या सल्लागार मुलीचा फोन आला. मी स्पीकर लावला.

"काका, लिफ्ट टाळत जा."

"लिफ्ट कुठली, बाई. आम्ही तळघरात असतो."

"मग जिना चढा."

"एकच आहे. तो चढलो की सुट्टी."

ती हसली. आवाजावरून बरी वाटली. त्याने तिला खिळ्याचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काका, सिस्टीममध्ये तसा पर्याय नाहीये. कामावरून आलात की चालत जा ना."

गेला एकदा. बागेतल्या बाकावर झोपून परत आला.

माझा दीर ऑफिसात खुर्चीत बसतो आणि संध्याकाळी जिममध्ये जागच्या जागी पळतो. त्याचा विमा फुकट. तो म्हणाला, "दादा, पट्टा एखाद्या कुत्र्याच्या गळ्यात बांध."

"कुत्रा आणू कुठून?"

"मग वहिनीला बांध. ती काय कमी पळते?"

"भावोजी, तो पट्टा नाडी ओळखतो," मी म्हटलं. "तुमच्या दादापेक्षा त्यालाच माझी नाडी जास्त कळते." सगळे हसले. मुलगीही हसली, पण हसताना तिची पाठ दुखते, म्हणून लगेच थांबली.

दवाखान्यात खिडकीवरच्या बाईने ऑपरेशनची तारीख काढून टाकली. "अर्धा खर्च आधी भरा, नाहीतर वर्ग बदलला की या," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. पट्टा दंडाला बांधला, वर बाही ओढून घेतली आणि आत गेला. मळताना दंड फुगतो. पट्टा ताणला, घामाने निसटला आणि पिठात गेला. कुणी पाहिलं नव्हतं. ओव्हन तापलेला होता, गिऱ्हाइकं उभी होती. यानेच हात थांबवले आणि मालकाला बोलावलं. सगळं पीठ फेकावं लागलं.

मालक म्हणाला, "दुसरा कुणी असता तर शिव्या घातल्या असत्या. तुला काय बोलू? उद्यापासून येऊ नकोस."

पट्टा मात्र धुतल्यावर चालू झाला. चांगल्या मालाचा बनवलाय तुम्ही.

त्यानंतर नवरा चालायला लागला. आधी काम शोधायला, मग नुसताच. सकाळी जायचा, जेवायला यायचा, पुन्हा जायचा. घर माझ्या लाँड्रीतल्या इस्त्रीवर चाललं. त्याचे दंड उतरले, शर्ट ढगळ झाले. आणि तुमचा मेसेज आला: "अभिनंदन. आपण आता सक्रिय सदस्य." रिकामा माणूस तुम्हाला निरोगी दिसला.

पहिलं ऑपरेशन झालं. फुकट झालं, नाही म्हणत नाही. मुलगी उताणी पडून असते. उशी कुठे सरकवायची ते मला बोटाने दाखवते. डॉक्टर म्हणाले, दुसरं वेळेवर झालं नाही तर पहिलं वाया जाईल.

तुमच्या त्या सल्लागार मुलीचा परत फोन आला. यशस्वी सदस्य म्हणून याचा फोटो छापायचा होता. हा म्हणाला, "कपडे कुठले घालू?" खरंच विचारत होता. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, तिथे काहीच नव्हतं.

काल मालक स्वतः घरी आला. चप्पल न काढता दारातच उभा राहिला. "नव्या पोराच्या हाताला जमत नाही. झालं गेलं सोडून दे. सोमवारपासून ये."

नवऱ्याने मान हलवली. हो की नाही ते मला कळलं नाही. मालकालाही कळलं नसावं.

मी तुमच्या सल्लागार मुलीला फोन लावला. म्हटलं, हा कामावर गेला की पट्टा परत खिळ्याला जाणार. याचं काम काय आहे ते तुम्ही लिहून घ्या, मालक सही देईल. ती मग म्हणाली, "मॅडम, योजना हालचालीची आहे, कामाची नाही."

आज मुलीने पडल्या पडल्या विचारलं, "बाबा, तू सोमवारी जाणार?"

"आईला विचार," तो म्हणाला आणि चालायला निघून गेला.

तिने मला विचारलं. नियम मी केलेला नाही. तो गेला तर हिचं दुसरं ऑपरेशन लटकतं. नाही गेला तर बेकरी दुसरा माणूस बघेल, आणि माझ्या इस्त्रीवर तिघांची पोटं किती दिवस चालतील ते तुम्हीच मोजा, मोजायची हौस तुम्हाला आहे.

म्हणून तुम्हाला विचारते. सोमवारी सकाळी त्याने पीठ मळायला जायचं की रस्त्याने चालत राहायचं? सल्लागार मुलीला पुढे करू नका. नियम ज्याने केला त्याने सांगायचं. सोमवारच्या आत.