दोघांतला एक

सीलावतीचा थोरला, उपुल, नववर्षाच्या सुट्टीवर घरी आला तो फौजेत परत गेलाच नाही. आधी ती सगळ्यांना सांगायची, सुट्टी वाढवून मिळालीय. मग सांगायला लागली, अंगात ताप आहे. वैशाखी पौर्णिमेचे कंदील उतरले तरी उपुलचा ताप काही उतरला नाही, तेव्हा लोकांनी विचारणंच सोडून दिलं. पळून आलेली पोरं आमच्याकडे नवी नव्हती. त्या वर्षी उत्तरेला लढाई पेटली होती. अनुराधपुराच्या रस्त्याला कुणाच्या ना कुणाच्या दारापासून पांढऱ्या पताका लागलेल्या असायच्या. एका मयताच्या उतरायच्या आत दुसऱ्याच्या चढायच्या.

मी सीलावतीची नणंद. माझ्या भावाला रानात हत्तीनं मारलं, तेव्हा धाकटा थरिंदु अजून रांगत होता. तेव्हापासून कुंपणापलीकडून तिला मीच सोबत.

उपुल दिवसा घरात थांबत नसे. तळ्यामागच्या आमच्या शेतात, पिकाची राखण करायला झाडावर मचाण बांधलेलं असतं, तिथं पडून राही. जेवायला मागच्या दारानं यायचा. भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसायचा. भात निम्मा टाकायचा. आणि रोज एकच विचारायचा, "आज पताका कुठवर आल्यात?"

"बोधीच्या झाडापर्यंत," मी एकदा सांगितलं.

"मग आपल्याच गावातलं कुणीतरी," एवढं म्हणून त्यानं हात धुतले.

थरिंदु अठराचा झाला तो याच दिवसांत. उंच, काटक, व्हॉलीबॉलमध्ये तालुक्यात नाव. त्याच्या संघातल्या पोरांनी एकदा मैदानावर त्याला हाक मारली, "ए पळपुट्याच्या भावा, चेंडू सोडून पळू नकोस हं!" सगळे हसले. थरिंदु त्या दिवशी खेळ अर्धा टाकून घरी आला आणि चुलीपुढे उकिडवा बसला.

"अम्मा, मी भरती होतो."

"लाकडं फोडून दे आधी."

"मी थट्टा करत नाहीये. दंतपालचा पोरगा गेला, शाळेतले चौघं गेले. मला जाऊ दे."

"आणि तिकडून आलेला एक घरात आहे, तो दिसत नाही तुला?"

"दिसतो ना," थरिंदु म्हणाला. "म्हणूनच जायचंय."

पोरगा आईच्या शब्दाबाहेरचा नव्हता. वय झालं होतं, मनात आणलं असतं तर कुणाला न सांगता बस पकडून गेला असता. पण तो रोज विचारायचा आणि सीलावती रोज नाही म्हणायची.

मग एके सकाळी फौजी पोलिसांची जीप चौकात आली. करुणासेनच्या पळून आलेल्या पोराला त्यांनी न्हाव्याच्या खुर्चीतून उचललं. अर्धी दाढी तशीच. तो काही ओरडला नाही, पण त्याची आई जीपमागे धावली ती कालव्यापर्यंत. आम्ही तळ्यावर कपडे धूत होतो, तिथवर तिचा आवाज येत होता. सीलावतीच्या हातातलं लुगडं वाहून गेलं, ते तिला कळलंच नाही.

तळ्याच्या बांधावर गावराखा विजेपाल बंदूक मांडीवर घेऊन बसला होता. गावच्या रक्षणाला नेमलेला माणूस, पण बंदुकीपेक्षा तोंडच जास्त चालायचं त्याचं. तिथूनच म्हणाला, "वहिनी, तुमच्याकडेही येणार बघा एक दिवस."

"आमच्याकडे काय आहे?"

"मला कशाला सांगता! मी काही तोंड उघडणार नाही. पण एक ऐकलंय. ज्या घरानं एक पोरगा दिलाय, त्या घरातल्या दुसऱ्याचं कुणी एवढं विचारत नाही म्हणे. एकाच्या नावावर दुसरा सुटतो."

"कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"लोक म्हणतात, अक्का."

त्या दिवसापासून सीलावतीचं जेवण तुटलं. कोरा चहा आणि गुळाचा खडा, तेवढ्यावर असायची. विहारात जाऊन भंतेंपुढे बसली. त्यांनी सूत्र म्हटलं, हाताला दोरा बांधला आणि तिला परत पाठवलं. एकदा कुंपणाशी येऊन मला म्हणाली, "अक्का, थोरल्याला नेलं तर तो तिकडं जगायचा नाही. तो आत्ताच अर्धा आहे. धाकटा दणकट आहे. तो निभावून नेईल, नाही का गं?"

"सीला, हे कसलं मोजमाप चालवलंयस?"

"दुसरं काय करू? सांग ना, दुसरं काय करू?"

शेवटी मीच सुचवलं की उपुललाच थरिंदुला समजावू दे. दुपारी केळीच्या पानात भात आणि फणसाची भाजी बांधून आम्ही तिघं शेतात गेलो. उपुल मचाणात नव्हता. झाडामागे त्यानं एक लांबट खड्डा खणला होता, त्यात उभा होता. छातीएवढा खोल. कशाला खणला ते कुणी विचारलं नाही.

"मल्लीला सांग," सीलावती थरिंदुकडे बोट दाखवत म्हणाली. "तिथं काय असतं ते सांग त्याला."

उपुल खड्ड्यातून वर आला आणि धाकट्या भावाला म्हणाला, "सांगून काय कळणार? उतर खाली. उपडा पड. मी सांगेपर्यंत हलायचं नाही, पाणी मागायचं नाही."

थरिंदु हसत हसत उतरला. ऊन माथ्यावर होतं, वारा पडलेला. लाल मुंग्या त्याच्या मानेवर चढल्या, कानात शिरल्या. पोरगा हलला नाही. मध्येच उपुलनं हत्ती हाकायचा मोठा बार त्याच्या डोक्यामागे पेटवून टाकला. आम्ही दोघी किंचाळलो. उपुल स्वतः जमिनीला चिकटला, दोन्ही हात डोक्यावर घेऊन, आणि त्याला उठायला वेळ लागला. थरिंदु मात्र मान वर करून बघत होता.

"एवढंच ना, अय्या?" तो म्हणाला.

उपुल मातीवर बसला. चेहरा राखेसारखा झालेला. "अम्मा, याला पाठवू नकोस," तो म्हणाला. "याला भीतीच वाटत नाही. असे पोरगे तिथं टिकत नाहीत."

वाटेवर थरिंदु शीळ घालत पुढे चालला होता. मला वाटलं, झालं, आता सीलावती ठाम राहील. राहिलीही असती. पण त्याच आठवड्यात जीप पुन्हा आली आणि दुकानात उपुलचं नाव घेऊन चौकशी झाली. घर कुठलं, आई काय करते, रान कुठं आहे. दुकानदारानं वेड पांघरलं. जीप गेली, पण ती परत येणार हे कुणी सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सीलावतीनं नारळाच्या दुधातला भात केला, सणाला करतात तसा. वड्या पाडून थरिंदुच्या पुढ्यात ठेवल्या.

"आज काय आहे, अम्मा?"

"तुला जायचंय ना? जा."

पोरगा उडीच मारून उठला. गुडघे टेकून त्यानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिनं त्याच्या केसांवर हात ठेवला आणि तो लवकर उचलेना. तोच म्हणाला, "अम्मा, बस जाईल." पाठीला पिशवी, अंगात खेळाचा शर्ट. वळणावरून त्यानं मलाही हात केला.

उपुल जेवायला आला तेव्हा आम्ही दोघी ओसरीवर होतो. त्यानं घरात डोकावलं. "मल्ली कुठाय?"

सीलावती त्याचं ताट वाढायला उठली.

"अम्मा, मल्ली कुठाय?"

"तुला कुणी नेणार नाही आता," ती म्हणाली. "एक दिला की दुसऱ्याला सोडतात."

"कोण म्हणालं?"

"विजेपाल."

उपुल हसला. तो आल्यापासून मी त्याला पहिल्यांदा हसताना पाहिलं, आणि पुन्हा पाहू नये असं वाटलं. त्यानं विहिरीवर आंघोळ केली, दाढी केली, पेटीतला गणवेश काढून घातला. तो त्याला सैल झाला होता. "मी त्यांना सांगतो, मला घ्या, त्याला घरी पाठवा," म्हणाला. सीलावतीनं त्याचा हात धरला, मी दुसरा धरला. त्यानं दोन्ही हात हलकेच सोडवले आणि पुढच्या दारानं बाहेर पडला.

छावणीत त्याचं कुणी ऐकलं नाही. फरारी म्हणून कोठडीत घातलं. थरिंदुची भरती आधीच झाली होती.

सीलावती विजेपालच्या अंगावर धावून गेली तेव्हा तो बंदूक भिंतीला टेकवून मागे सरकत म्हणाला, "मी कुठं म्हणालो नियम आहे? लोक म्हणतात ते सांगितलं."

थरिंदु तालीम उरकून एकदा घरी आला. रापलेला, आवाज भारदस्त. तळ्यातले मासे त्यानं पोटभर खाल्ले, मैदानावर जाऊन त्याच पोरांबरोबर खेळला. आता कुणी काही म्हणालं नाही. मग पुढे फोन यायचे, मागून धडधड ऐकू यायची. "पाऊस आहे, अम्मा," तो सांगायचा. फेब्रुवारीत कसला पाऊस?

मार्चमध्ये गाडी आली. या वेळी जीप नव्हती. पेटी बंद, खिळे ठोकलेली, वर झेंडा. बरोबरचा अधिकारी तरुण होता, मान खाली घालून हळूच म्हणाला, "उघडू नका, माई." आमच्या दारापासून पताका लागल्या.

उपुलला त्या दुपारी कोठडीतून आणलं, दोन शिपायांच्या मध्ये. हातकडी ओसरीवर काढली. पेटी विहारामागच्या स्मशानात न्यायची वेळ झाली तेव्हा डोक्याकडची बाजू त्यानं घेतली. तिकडं असताना त्यानं अशा पेट्या उचलल्या होत्या, गाडीत चढवल्या होत्या; त्यांचं वजन त्याच्या खांद्याला ठाऊक होतं. त्यानं खांदा लावला, उचललं आणि थबकला. मागचे लोक ढकलत होते तरी पाऊल टाकेना. मी त्याच्याजवळच होते. त्याची मान ताठ झालेली मी पाहिली.

सीलावतीनंही पाहिलं. ती पुढे आली, त्याच्या दंडाला धरून म्हणाली, "तो आहे ना आत?"

मागच्यांनी ढकलणं थांबवलं.

"आहे, अम्मा," उपुल म्हणाला. "मल्लीच आहे." आणि तो चालायला लागला.

मे महिन्यात लढाई संपली. चौकात फटाके उडाले, बायकांनी रस्त्यावर चुली मांडून दुधाचा भात वाटला. सीलावतीनं दार लावून घेतलं होतं. वर्षभरानं उपुल सुटून आला. आता तो शेत करतो, घरात झोपतो, जेवण पुरतं संपवतो. लग्नाचं काढलं की उठून जातो.

सीलावती त्याला अधूनमधून तेच विचारते. भात वाढताना, धान पाखडताना, मध्येच कधीतरी. तो दर वेळी म्हणतो, "आहे, अम्मा." त्यावर ती मान हलवते आणि पुढच्या कामाला लागते. मला मात्र त्यानं कधी काही सांगितलं नाही, आणि मीही विचारलेलं नाही.