मधला गोळा राहिलाच

समोरून

हर्षा जिचा अभ्यास करत होती ती दीर्घिका समोरून पाहिली तर ताटलीत मधोमध उकडलेलं अंडं ठेवावं तशी दिसते. ताऱ्यांची पसरट तबकडी, मध्ये फुगवटा. भांडण एवढंच, की हा फुगवटा आला कुठून.

तिचे मार्गदर्शक अरुणकुमार सर म्हणत, फार पूर्वी दोन दीर्घिका एकमेकींवर आदळल्या, तारे विस्कटले आणि मध्ये गोळा होऊन बसले. हर्षा म्हणे, आदळलं कोणीच नाही. तबकडीतच ताऱ्यांचा लांबट दांडा तयार झाला, त्याने वायू आत आत ढकलला, त्यातून नवे तारे जन्मले आणि फुगवटा घरच्या घरी, सावकाश वाढला.

सर पुण्यात होते आणि ती रिसालीत, भावाच्या साखरपुड्यासाठी घरी आलेली. अकरा वाजता समितीपुढे ऑनलाइन बोलायचं होतं. समितीला पटलं तर अशा आणखी चाळीस दीर्घिका तिला स्वतंत्र अभ्यासासाठी मिळणार होत्या. नाही पटलं, तर तिचं सगळं काम सरांच्या शोधनिबंधात एक परिच्छेद होऊन पडणार होतं.

तिला भीती वाटत नव्हती. तिचं म्हणणं बरोबर होतं.

कडेने

कडेने दिसणाऱ्या काही दीर्घिकांचा फुगवटा भुईमुगाच्या शेंगेसारखा असतो, मध्ये चिमटलेला. तो आकार म्हणजे दांड्याची खूण.

हर्षाच्या दीर्घिकेची कड आपल्याला कधीच दिसणार नाही. हिला वळवता येत नाही, आणि तिकडे जाऊन बाजूने डोकावून येण्याइतकं कोणी जगत नाही.

वजा केल्यावर

मग राहते वजाबाकी. आकार गणिताने रचायचे, फोटोतून वजा करायचे आणि काय उरतं ते पाहायचं. सरांनी दोनच आकार रचले होते, तबकडी आणि फुगवटा. दांड्याच्या उजेडाला जागाच ठेवली नव्हती. तो बिचारा फुगवट्यात जाऊन बसला आणि फुगवटा उगाच लठ्ठ झाला. हर्षाने तिसरा आकार दांड्यासाठी ठेवला. फुगवटा झटकन रोडावला, चपटाही झाला. वजाबाकी चोख असेल तर आता नुसता करडा रंग उरायला हवा होता.

उरलाही. मधोमध एक गोल ठिपका सोडून.

तिने ठिपका त्याच फोटोतल्या एका ताऱ्याशी ताडून पाहिला. ताऱ्यापेक्षा तो रुंद होता, म्हणजे एकटा तारा नव्हे. वेगाची मोजमापं काढली. तिथले तारे तबकडीबरोबर फिरत नव्हते, सैरावैरा धावत होते. धडकेनंतर धावतात तसे.

शामराव पावर हाउसच्या बाजारातून साखरपुड्याचे नारळ घेऊन आले तेव्हा लेक पडद्याकडे टक लावून बसली होती.

"कावून तोंड पाडून बसली?"

"हा ठिपका नको होता, बाबा."

"मंग पुसून टाक."

"पुसाची पण गरज नाही. फोटोचा उजेड थोडा बदलला का दिसतच नाही."

"मंग त्याले चोरी म्हनतात का?"

"नाही. सगळेच बदलतात."

"मंग अडून कावून राहिली?"

"मले दिसला ना आता."

शामरावांनी पोतं खाली ठेवलं. "लहानपणापासून अशीच हाय तू. भातात खडा सापडला का पंगतभर फिरवून दाखवे," म्हणाले आणि नारळ मोजायला आत गेले.

अकरा वाजता

हर्षाने उजेड बदलला, पण उलट्या बाजूने. ठिपका आणखी ठळक झाला. तेच चित्र तिने सगळ्यात आधी दाखवलं आणि ठिपक्याचे तारे कसे धावतात तेही स्वतःच सांगितलं.

सरांना हसू आवरलं नाही. "म्हणजे धडक झाली होती तर. तुझा दावा अर्धा झाला, हर्षा."

"कमी झाला, सर, पण पक्का झाला. आधी धडक झाली, तिचा एवढासा गोळा. त्याच्याभोवतीचं बाकी सगळं दांड्याने घडवलं. तुमच्या वजाबाकीत दांडा नव्हता, म्हणून तुम्हाला दोन्ही मिळून एकच मोठा गोळा दिसला."

समितीतल्या बाईंनी विचारलं, बाकीच्या चाळिसांमध्येही असा गोळा लपलेला असेल का?

"माहीत नाही," हर्षा म्हणाली. "सरांच्या यादीत त्या सगळ्यांचा दांडा फुगवट्यातच धरलाय. कोणी वेगळा काढलाच नाही."

बाईंनी खोलीतला माइक बंद केला. पडद्यावर पाच तोंडं आवाजाविना हलत राहिली. सरांचंही हललं, आणि शेवटी त्यांनी मान डोलावली.

माइक सुरू झाला.

"कधीपासून सुरू करशील?" बाईंनी विचारलं.

"साखरपुडा उरकू द्या," हर्षा म्हणाली. "परवापासून."