लिंकवरचं नाव

आमच्या झ्वोले शहरात पुरुषाने जेवणाचे अर्धे पैसे मागितले तर बाईला राग येत नाही. मागितले नाहीत, तर मात्र माझ्यासारखीच्या मनात पाल चुकचुकते.

वीब्रेन होक्स्ट्राबरोबर बाहेर जेवायची ही माझी तिसरी संध्याकाळ. बोटी आल्या की कालव्यावरचा पूल उघडायचा, ही त्याची नोकरी. माणूस शांत, हसला की डोळे मिटतात. मला तो आवडला होता, चांगलाच आवडला होता. पण आधीच्या दोन्ही वेळा बिल त्यानेच भरलं, आणि माझ्या वाट्याची लिंक पाठव म्हटलं की म्हणायचा, "जाऊ दे गं, पुढच्या वेळी बघू."

इथे लोक एका कॉफीचेही अर्धे पैसे मागायला फोनवर लिंक पाठवतात. सख्खा भाऊ बहिणीला पाठवतो. त्या लिंकवर खातेदाराचं नाव येतं, आणि खातं नवरा-बायकोचं असेल तर दोघांचीही नावं येतात. म्हणून लग्न लपवणारा पुरुष एकदम दिलदार होतो, असा माझा सिद्धांत.

माझ्या सिद्धांतांवर माझा आधीचा नवरा रिंक म्हणायचा, "गेस्के, तुला संशयाचा आजार आहे." हे तो इतक्यांदा आणि इतक्या काळजीच्या सुरात म्हणाला, की माझ्या सख्ख्या आईलाही पटलं. घटस्फोट झाला तेव्हा सगळ्यांनी कीव केली ती त्याची. हळूहळू मलाही वाटायला लागलं, की खोट माझ्याच डोक्यात असावी. त्यामुळे त्या संध्याकाळी माझी भलतीच पंचाईत झाली होती. वीब्रेन खोटा निघाला तर हातचा माणूस जाणार, आणि खरा निघाला तर रिंक बरोबर ठरणार.

शिंपले संपले, तळलेले बटाटे संपले. वेटर मशीन घेऊन आला आणि मी पर्स उघडेपर्यंत वीब्रेनने कार्ड टेकवूनही टाकलं.

"लिंक पाठव," मी म्हटलं.

"अगं, शिंपले खाल्लेत आपण. घर नाही विकत घेतलं."

"पाठव."

"पुढच्या वेळी तू दे. बास?"

"पुढची वेळ येणार की नाही ते लिंक आल्यावर ठरेल."

तो हसला, मग मी हसत नाही हे त्याच्या लक्षात आलं. त्याचे कान लाल झाले. सापडला, मी मनात म्हटलं.

"वीब्रेन, काय लपवतोयस?"

"लपवायचंय काय त्यात!" त्याने आवाज खाली आणला. "मागे एकीला पहिल्याच भेटीत लिंक पाठवली होती मी. तिने ती तिच्या बंदराच्या ऑफिसभर दाखवली. मग काय, वर्षभर बोटीवाले खालून ओरडायचे, 'वीब्रेन, पूल उघडायचे किती घेणार?'"

गोष्ट झकास होती. रिंकच्याही गोष्टी अशाच झकास असायच्या, आणि नेमक्या म्हणूनच मला त्या पटायच्या नाहीत.

"गोष्ट छान आहे," मी म्हटलं. "आता पाठव."

त्याने मुकाट्याने फोन काढला. माझा फोन वाजला. 'डब्ल्यू. होक्स्ट्रा.' वीब्रेनचं आद्याक्षर आणि आडनाव, एवढंच. पुढे नाही, मागे नाही, दुसरं नाव नाही. जीव भांड्यात पडला, आणि पुढच्याच क्षणी रिंक आठवला. म्हणजे आजार आहेच तर मला. ती लिंक डोळ्यांसमोर नको म्हणून मी पहिलं दिसलं ते खातं निवडलं आणि पैसे देऊन मोकळी झाले.

वीब्रेनने फोनवर पैसे आल्याचा मेसेज पाहिला. मग बराच वेळ पाहतच राहिला.

"गेस्के, हा आर. पोस्टमा कोण? तुझ्या नावाला लागून आहे."

मुलीच्या, नीन्केच्या, दातांच्या तारांसाठी आणि शाळेच्या सहलींसाठी रिंकचं नि माझं एक खातं अजून चालू आहे. पैसे गेले होते त्यातून.

"माझा आधीचा नवरा. खातं मुलीच्या खर्चाचं आहे, चुकून गेले त्यातून."

"आधीचा," वीब्रेन म्हणाला. हसू मावळलं होतं. "गोष्ट छान आहे."

मी तोंड उघडणार तेवढ्यात फोन वाजला. रिंकच होता.

"उचल," वीब्रेन म्हणाला. "मलाही ऐकू दे."

मी स्पीकर लावला.

"गेस्के! नीन्केच्या पैशांनी जेवतेस? आत्ता मेसेज आला मला, 'होक्स्ट्रा, अर्धं जेवण' म्हणून."

"चुकून झालं रे. उद्या परत टाकते."

"घटस्फोट झाला तरी तुझं चुकून होणं काही संपत नाही. आणि कोण हा होक्स्ट्रा? बाईकडून अर्धं बिल घेतो? चिक्कू दिसतोय."

वीब्रेनला राहवलं नाही. "मी होक्स्ट्रा. मी मागत नव्हतो हो! हिनेच लिंक पाठवायला लावली."

रिंक हसला. ज्या हसण्याने त्याने माझं अख्खं माहेर खिशात घातलं होतं, तेच हसणं.

"अच्छा, नाव बघायला! मग सांभाळून राहा बरं का. हिच्यापासून काही लपत नाही. माझ्या वेळी तर बाईचं नाव, हॉटेल, सगळं अचूक ओळखलं होतं हिने. मी शेवटपर्यंत नाही नाही म्हणत राहिलो म्हणून..."

आणि तो थांबला. आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं.

"गेस्के? अगं, मी आपलं गमतीत..."

मी फोन बंद केला. राग यायला हवा होता, पण आलं ते रडू, आणि तेही वेटरच्या देखत.

"ऐकलंस तू?" मी वीब्रेनला विचारलं.

"ऐकलं."

"काय म्हणाला तो? तू सांग. उद्या तो म्हणेल, असं बोललोच नव्हतो. मग मला वाटेल, मलाच भास झाला."

वीब्रेनने खुर्ची जवळ ओढली. "तो म्हणाला, सगळं अचूक ओळखलं होतं हिने. बाईचं नाव, हॉटेल. तोच नाही म्हणत राहिला."

"परत सांग."

त्याने परत सांगितलं.