बेंबीतली मुळी

अंबाडी नाक्याच्या आतल्या त्या गोदामात मंगळवारी दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध चटईवर माझे केसरीनाथ काका उताणे, शर्ट वर सरकवलेला, बेंबीवर कणकेचा पेटता दिवा. नाभीमहाराजांनी पितळेचा तांब्या पालथा करून ज्योतीवर बराच वेळ धरला आणि मंत्र पुटपुटत पोटावर दाबला. तांब्या असा चिकटला, की ते तो हलवू लागले तसं काकांचं पोटही हललं. लोकांनी हात जोडले.

"बेंबी म्हणजे बॉडीचा मेन स्विच," महाराज म्हणाले. "डॉक्टर बल्ब बदलत बसतो. आपण स्विच दुरुस्त करतो."

मग त्यांनी कडेला बोट घालून तांब्या सोडवला. काकांच्या पोटावर एक काळी, ओलसर मुळी पडली होती. रोग मुळासकट निघाला, आता कापायला उरलं काय, असं महाराजांनी विचारलं. पुतळाबाई काकी रडायला लागल्या. मी मागे उभी होते आणि खरं सांगते, मला रागही आला नाही. नुसता कंटाळा आला.

मी, करिष्मा, मुंबईच्या एका कॅन्सर रुग्णालयात संशोधन विभागात काम करते. काकांचा आजार तिथेच सापडला. आईच्या पोटात असताना बाळाच्या बेंबीपासून मूत्राशयापर्यंत एक नळी असते. पुढे ती सुकून जाते. लाखोंत एखाद्याच्या त्या उरलेल्या धाग्यात कॅन्सर होतो. काकांच्या लघवीतून रक्त जायचं, बेंबीखाली ओढ लागायची. आमच्या अंजूर गावात पोटात ओढ लागली की बेंबी सरकली म्हणतात आणि दिवा-तांब्या लावून ती बसवतात. त्यामुळे डॉक्टरांनी "आजाराची सुरुवात बेंबीखाली आहे" असं सांगितलं, तेव्हा काकी खूशच झाल्या.

"मी पयल्यापासून बोलते, बेंबीच हाय," त्या म्हणाल्या. ऑपरेशनमध्ये बेंबीसुद्धा काढावी लागेल हे कळलं, आणि घरदार अंबाडीला निघालं. ऑपरेशन पुढच्या सोमवारवर आलं होतं. गाठ अजून पसरली नव्हती, म्हणजे आत्ताच काढली तर आशा होती. आणि काका म्हणत होते, मुळी निघाली, आता जायचं न्हाय.

दुसऱ्या दिवशी काकी भाकरीचं पीठ मळत होत्या. मी त्यातला गोळा घेऊन परातीत थापला, वर दिवा ठेवला. अंगणातली गवताची मुळी काजळी-तेलात बुडवून मेणाने तांब्याच्या आत चिकटवली. तांब्या ज्योतीवर धरला, मग पिठावर दाबला. आतली तापलेली हवा निवली, आकसली, आणि तांब्या पिठाला घट्ट धरून बसला. सोडवला, तर मेण वितळून मुळी पिठावर पडलेली.

"काकी, पिठाला कोणता रोग झालेला?"

काकांनी मुळी उचलून वास घेतला. मग म्हणाले, "ते ठीक हाय. पण नारपोलीचा बाळाराम बरा झाला ना? त्याचा फोटो लावलाय थय गोदामात."

इथेच माझी अडचण होती. बाळाराम आमच्या रुग्णालयातलाच पेशंट. पण पेशंटची माहिती माझ्या मालकीची नाही, ती मी परस्पर सांगू शकत नाही. म्हणून मी त्याच्या बायकोला, हौसाला, फोन करून विचारलं, तुम्ही सांगाल का? ती संध्याकाळी शिफ्ट टाकून स्वतःच आली. यंत्रमागावरच्या कापसाचे तंतू तिच्या केसांत तसेच होते.

"पयल्या मंगळवारी रगत थांबला," ती काकांना म्हणाली. "आम्ही पेढे वाटले. त्यांनी फोटो काढला. मग पुन्हा सुरू झाला. महाराज बोलले, तुमची श्रद्धा कमी पडली. ऑपरेशनची वेळ निघून गेली, दादा. आता फोटो हाय, माणूस न्हाय."

हे रक्त असंच असतं. येतं, आपलं आपण थांबतं, पुन्हा येतं. महाराजांना फक्त ते थांबायची वाट पाहायची असते.

काकांनी मला विचारलं, "तुमच्याकडं आलो तर मी वाचंन का?"

"सांगता येत नाही, काका. हा आजार इतका विरळ आहे, की एका रुग्णालयाने एकट्याने काही ठरवायचं म्हटलं तर जन्म जाईल. म्हणून निरनिराळ्या शहरांतली मोठी रुग्णालयं एकत्र आली आहेत. सगळीकडे तपासणी एकाच पद्धतीने, गाठीचा तुकडा पुन्हा दुसऱ्या तज्ज्ञांनी पाहायचा, आणि कुणाचं काय झालं ते सगळ्यांनी सगळ्यांना सांगायचं. जे गेले त्यांचंही. माझं काम तेच. मी पेशंटना फोन करून विचारते, आहात ना?"

"म्हंजे तुमालाबी पुरतं म्हाईत न्हाय."

"नाही. पण माहीत नाही हे आम्ही तोंडावर सांगतो."

काकांनी मुळी चुलीत टाकली. "पुतळे, माजी पिशवी भर," ते म्हणाले.

त्यांचं ऑपरेशन झालं. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत आहे, तरी नियम म्हणून मी त्यांना फोन करते. ते भिंतीपलीकडून ओरडून सांगतात, हाय अजून.

हौसा मागाहून अंबाडीला फोटो परत मागायला गेली होती. महाराजांनी दिला नाही. तो आमचा बरा झालेला पेशंट आहे, असं त्यांनी त्याच्या विधवेला सांगितलं.

मी थकले आहे, म्हणून लांबड लावत नाही. कुणी चमत्कार दाखवला तर भांडू नका, हात जोडायच्या आधी एवढंच विचारा: जे बरे झाले नाहीत त्यांचं काय झालं? ज्याच्याकडे याचं उत्तर नसेल, त्याच्या हातात आपलं माणूस देऊ नका.